न दिसणाऱ्या कामाची पाटी



आपल्या अंगच्या कौशल्याची ओळख करून देऊन काम कसे मिळवावे, या विषयावर एका होमिओपॅथी डॉक्टरला उभे केले, याची काहींना गंमत वाटली असेल. कारण जाहिरात करायला मनाई असलेल्या मोजक्या व्यवसायांत आमचा व्यवसाय येतो. आमच्यासाठी १९८२ साली आचारसंहिता झाली. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, बाहेरगावी होतो तो परत आलो, अशा स्वरूपाचे साधे निवेदन वर्तमानपत्रात देता येते. त्यापलीकडे जाऊन रुग्णांना बोलावणे हे गैरवर्तन ठरते. त्याच्याही आधीचा, १९५४ चा केंद्रीय कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार बरा करतो किंवा उंची वाढवतो अशा औषधांच्या जाहिरातींना त्याने बंदी घातलेली आहे. कायदा आपल्या जागी आहे आणि बसस्थानकामागच्या भिंती त्यांच्या जागी आहेत, हे सोडा.

तेव्हा माझी सगळी जाहिरात म्हणजे दवाखान्यावरची एक पाटी. नाव, पदवी, वेळ. त्या पाटीखाली बसून माझे आयुष्य गेले आणि उपाशी राहिलो नाही. म्हणून लोक मलाच दाखला म्हणून पुढे करतात. “डॉक्टर, तुम्ही कुठे जाहिरात केलीत? काम चांगलं असलं की माणसं आपोआप येतात.” हे वाक्य आपल्या घरांत फार प्रिय आहे. ते अर्धेच खरे आहे, एवढे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

माझ्याकडे माणसे का येतात, ते नीट पाहा. माझी पाटी रस्त्यावर आहे. बाकावर बसलेले रुग्ण जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतात. बरे वाटलेला माणूस शेजाऱ्याला सांगतो, न वाटलेला दहा शेजाऱ्यांना सांगतो. म्हणजे माझे काम बोलते ते मुळात दिसते म्हणून. पण माडीवरच्या खोलीत बसून जो कानडी कागद मराठीत आणतो, जी बाई आजोबांकडून शिकलेली मोडी आजही घडाघडा वाचते, जो मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी घरी बसून रेखाटने काढतो, त्यांचे काम कोणत्या रस्त्यावरून दिसणार? न दिसणारे काम आपोआप बोलत नाही. त्याला पाटी लागते, आणि ती पाटी ज्याची त्यानेच लिहावी लागते.

रेखाटनाच्या धंद्यातले मला कळत नाही. कानडी-मराठी अनुवाद आणि मोडी वाचन या दोन कामांपुरते मी बोलणार आहे. आपल्या सीमाभागातल्या घरांना ही दोन कौशल्ये वारशाने मिळालेली आहेत, आणि आपण ती कौशल्ये म्हणून मोजतच नाही.

घरात मराठी, गल्लीत कानडी, शाळेत इंग्रजी. आपल्या पोराला तिन्ही येतात. नोकरीच्या अर्जात तो ‘संगणकाचे ज्ञान’ लिहितो. कानडीतून मराठीत नेमका अर्थ आणता येतो, हे लिहीत नाही. त्याला वाटते, यात काय मोठे, हे तर सगळ्यांनाच येते. आणि खरे सांगायचे तर त्याला तसे वाटायला आपणच लावले. नात्यातला कोणी जमिनीचा कानडी उतारा घेऊन येतो आणि म्हणतो, “आपलाच आहेस, दोन पानं करून दे.” तो करून देतो. चहा मिळतो. असे पाच वर्षे चालले की त्याची खात्री पटते की या विद्येची किंमत एक कप चहा. मग तो पुण्याला जाऊन काहीतरी वेगळे करतो, आणि त्याच्या मुलांना ‘हळेगन्नड’ सोडाच, बसवरची पाटीही वाचता येत नाही. भाषा जगवण्यावर आपण ठराव पुष्कळ केले. ज्या भाषाज्ञानाने घरात चार पैसे येतात ते पुढची पिढी राखते, ही साधी गोष्ट त्या ठरावांत क्वचित येते.

तिकडे मागणी नाही असेही नाही. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी शोधू लागले. ज्यांची नावे कुठेतरी लिहिलेली होती त्यांना काम मिळाले. ज्यांना मोडी येत होती पण तसे कोणाला ठाऊक नव्हते, ते घरी वर्तमानपत्रात ती बातमी वाचत बसले. बडोद्याच्या गायकवाडी दफ्तरापासून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयापर्यंत मोडी कागदांचे ढीग आहेत. आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावरही आहेत.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येतो. आपण स्वतःबद्दल सांगत नाही, कारण ते आपल्याला असभ्य वाटते. ही लाज पोकळ नाही, तिला आधार आहे. दासबोधात समर्थांनी मूर्खांची लक्षणे सांगितली, त्यांत स्वतःची स्तुती स्वतः करणारा आहे. आमच्या जैन परंपरेत तर हे आणखी कडक आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात नीच गोत्राच्या कर्माची कारणे दिली आहेत. दुसऱ्याची निंदा, स्वतःची प्रशंसा, दुसऱ्याच्या ठिकाणी असलेले गुण झाकणे आणि आपल्या ठिकाणी नसलेले गुण प्रकट करणे. लहानपणी पाठशाळेत हे सूत्र आम्ही पाठ केले, अर्थ पुढे कळला. आजच्या कोणत्याही भडक जाहिरातीला हे सूत्र लावून पाहा, चारही दोष ओळीने सापडतील.

पण सूत्र बारकाईने पाहा. असलेला गुण, विचारल्यावर, आहे तेवढा सांगणे याला त्यात दोष म्हटलेले नाही. दोष प्रशंसेचा आहे. ‘मी उत्तम अनुवादक आहे’ ही प्रशंसा झाली. ‘मी कानडी खरेदीखतांचा मराठी अनुवाद करतो, पान असे दिसते, एका पानाला इतका वेळ लागतो’ हे वर्णन झाले. पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवायचा आहे. दुसऱ्यात त्याने फक्त पाहायचे आहे. रुग्ण आला की मीही हाच फरक करतो. “मला भयंकर त्रास होतो” याने औषध ठरत नाही; “पहाटे तीनला खोकला येतो, उठून बसलं की कमी होतो” याने ठरते. भयंकर हा शब्द त्याचा, तीन हा आकडा माझ्या कामाचा.

श्रवणबेळगोळला आपल्यापैकी बहुतेक जण गेले असाल. आमच्यातले तर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेकाला जातातच. गोमटेश्वराच्या पायाशी शिलालेख आहेत. मराठीतला अगदी जुना लेख म्हणून त्यातल्या एका ओळीचा उल्लेख शाळेपासून ऐकतो. तारखेबद्दल विद्वानांत वाद आहे, तो इथे नको. मला त्या लेखाची भाषा पाहायची आहे. सत्तावन्न-अठ्ठावन्न फुटांची, एकाच कातळातून कोरलेली मूर्ती. आणि ती करवणारा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चामुंडराय काय म्हणतो? चामुंडरायाने हे करविले, एवढेच. विशेषण एकही नाही. भव्य नाही, अद्वितीय नाही. पुढे गंगराजाने भोवतीचे आवार बांधले, त्याचीही नोंद तशीच. कोणी काय करविले, एवढेच. आणि चामुंडरायाचा मजकूर कानडीत, तमिळमध्ये आणि मराठीत आहे. यात्रेला येणारे कोण, त्यांना काय वाचता येते, याचा विचार कोणीतरी केला होता. काम समोर उभे असेल तर विशेषण लागत नाही. ज्याला सांगायचे त्याच्या भाषेत सांगावे लागते. माझे आजचे अर्धे व्याख्यान त्या दगडावर आहे.

त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे, म्हणजे खरे तर नाही. मूर्ती घडवणाऱ्या हाताचे नाव त्यात नाही. करविणाऱ्याचे नाव राहिले. अनुवादकांनी याचा विचार करावा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, निदान आतल्या पानावर, अनुवादकाचे नाव येईल की नाही हे काम घेतानाच विचारून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ते नाव हीच पुढच्या कामाची पाटी.

आता आमच्या शास्त्राच्या प्रवर्तकाबद्दल थोडे सांगतो. होमिओपॅथी पटो न पटो, आज तो वाद नाही. सॅम्युएल हानेमान हा माणूस बराच काळ अनुवादाच्या मानधनावर जगला, हे फार जणांना ठाऊक नसते. जन्म १७५५, मायसेन. विसाव्या वर्षी लाइप्झिगला शिकायला गेला तेव्हा खिशात वीस थालर होते. भाषेच्या शिकवण्या घ्यायच्या आणि इंग्रजी पुस्तके जर्मनमध्ये आणायची, यावर त्याचे शिक्षण झाले. पुढे डॉक्टर झाला, संसार वाढला, आणि तेव्हाच्या उपचारपद्धतीवरचा विश्वास उडाल्यामुळे त्याने व्यवसाय जवळपास सोडला. मग घर पुन्हा अनुवादावर. एक रात्र झोप आणि एक रात्र अनुवाद, असा क्रम चरित्रकार सांगतात.

त्याचे वैशिष्ट्य असे की तो नुसता अनुवाद करत नसे. खाली टिपा लिही. मूळ लेखकाचे चुकते असे वाटले तिथे तसे म्हणे. १७९० साली विल्यम कलेन या स्कॉटिश प्राध्यापकाच्या औषधीविषयक ग्रंथाचा त्याने अनुवाद केला. सिंकोनाची साल तापावर का चालते याचे कलेनने दिलेले कारण त्याला पटेना. त्याने ती साल स्वतः घेऊन पाहिली, काय जाणवले ते नोंदले आणि अनुवादाच्या तळटीपेत घातले. आमच्या सगळ्या शास्त्राची सुरुवात आम्ही त्या तळटीपेपासून मोजतो. तत्त्व म्हणून मांडणी १७९६ च्या निबंधात आली आणि ‘ऑर्गेनॉन’ १८१० मध्ये.

मानधनावर काम करणाऱ्याने या तळटीपेकडे धंद्याच्या नजरेनेही पाहावे. प्रकाशकाला अनुवादक पुष्कळ मिळतात. मजकूर वाचताना ज्याला चूक दिसते, अडते कुठे ते कळते, असा माणूस कमी मिळतो. आणि ‘मला चुका दिसतात’ असे सांगून ते सिद्ध होत नाही. एक टीप लिहून दाखवली की होते.

याच हानेमानची दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी सूत्रातला दोष करीन. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी त्याने नवा क्षार शोधल्याचे जाहीर केले, आणि तो चांगल्या किमतीला विकलाही. रसायनशास्त्रज्ञांनी तपासला तर तो टाकणखार निघाला, नेहमीचा बोरॅक्स. त्याला चूक मान्य करावी लागली आणि त्याने पैसे परत केले. विरोधकांनी मात्र ही गोष्ट त्याला जन्मभर ऐकवली. फसवण्याचा हेतू नव्हता हे मला पटते, पण तपासण्याआधी जाहीर केले होते. तळटीप तपासून लिहिली, ती टिकली. क्षाराची घोषणा आधी झाली आणि तपासणी नंतर, तिची शोभा झाली. दोन्ही एकाच माणसाच्या हातून झाले, म्हणून मला ही उदाहरणे जवळची वाटतात.

आता आपल्या गावात येऊ. समजा एखाद्या मुलीला कानडीतून मराठीत अनुवादाची कामे हवी आहेत. ती काय लिहिते ते मी पाहिलेले आहे. ‘सर्व प्रकारची भाषांतराची कामे योग्य दरात व वेळेत करून मिळतील.’ हे वाचून कोणालाही काहीही कळत नाही. सर्व प्रकारची म्हणजे कविता की कीटकनाशकाचे माहितीपत्रक? योग्य दर म्हणजे किती? भाषा कोणत्या? आणि कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत? दिशा सांगणे फार महत्त्वाचे आहे. दोन्हीकडे सारख्या सफाईने जाणारा माणूस विरळा. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’सारख्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मराठीतून कानडीत अनुवाद करतात. एकाच घरात दोन दिशा वाटून घेतलेल्या.

तेव्हा त्या मुलीने एकच दिशा लिहावी आणि सुरुवातीला एकच प्रकार निवडावा. वकिलांचे दस्त, किंवा शेतीची माहितीपत्रके, किंवा दवाखान्यांची संमतिपत्रे. अनेकांना भीती वाटते की एकच लिहिले तर बाकीची कामे जातील. उलट होते. ‘खरेदीखते आणि वाटणीपत्रे’ असे लिहिणाऱ्याकडे माणूस मृत्युपत्रही घेऊन येतो. ‘सर्व प्रकारची’ लिहिणाऱ्याकडे काहीच आणत नाही.

मग नमुना. एक पान, डावीकडे कानडी आणि उजवीकडे मराठी. तेवढे पुरे. पण नमुना गिऱ्हाइकाच्या कागदाचा नको. मी रुग्णाचे नाव सांगून माझी विद्या दाखवू शकत नाही. कोणाच्या घरची वाटणी कशी झाली हे अनुवादकानेही नमुना म्हणून फिरवू नये. नावे खोडली तरी आपल्या गावात गट क्रमांकावरून घर ओळखतात. एखादे सरकारी जाहीर पत्रक घ्यावे, त्याचा अनुवाद करावा.

आणि खाली तळटीप. कानडी आणि मराठी इतक्या शेजारी राहिल्या आहेत की त्यांचे सारखे दिसणारे शब्द घात करतात. कानडी वर्तमानपत्रात ‘अवघड’ म्हणजे अपघात, दुर्घटना; आपले अवघड म्हणजे कठीण. कानडीत ‘अनुमान’ म्हणजे शंका, संशय; आपले अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. पोलिसांच्या कागदात हा एक शब्द चुकला तर ज्याच्यावर नुसता संशय होता त्याच्याविषयी निष्कर्ष काढल्यासारखे होते. मी आत्ता जे करतो आहे त्याला कानडीत ‘उपन्यास’ म्हणतात. हिंदी जाणणाऱ्याला वाटेल डॉक्टर कादंबरी वाचताहेत. असे आपल्या निवडलेल्या प्रकारातले दहा शब्द एका पानावर मांडून वकिलाच्या हातात द्यावेत. ‘मी निष्णात आहे’ या शब्दाची गरज त्या पानावर राहत नाही. वकील स्वतःच मनात म्हणेल, आणि त्याने म्हणणे महत्त्वाचे. हल्ली यंत्र अनुवाद करते म्हणून हे काम संपले असे म्हणणाऱ्यांनाही हे पान दाखवावे. यंत्राचा कच्चा मजकूर आता सगळ्यांकडेच असतो. तो बरोबर आहे असे सांगून त्याखाली सही करणारा माणूस त्यांच्याकडे नसतो.

मोडी वाचणाऱ्यांचा नमुना थोडा वेगळा लागेल. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घ नाही, ओळ आधी आखून अक्षरे तिला लोंबकळत जातात. त्यामुळे तीन रकाने करावेत. मूळ कागदाचे छायाचित्र, अक्षराला अक्षर देवनागरी, आणि मग आजच्या मराठीत अर्थ. जे अक्षर लागले नाही तिथे टिंबे द्यावीत. तरुण मंडळी ही टिंबे लपवतात, अंदाजाने भरून टाकतात. मला तर वाटते, मोडी जाणकाराची खरी ओळख त्या टिंबांत असते. ज्याच्या पानावर एकही टिंब नाही त्याच्याकडे मी तरी माझ्या आजोबांचा कागद देणार नाही. नसलेला गुण प्रकट न करणे हे सूत्र इथे थेट धंद्याच्या उपयोगी पडते. आपण काय करत नाही हेही त्याच पानावर लिहावे. उदाहरणार्थ, न्यायालयात चालणारे प्रमाणित भाषांतर मी देत नाही. त्या एका ओळीने वरच्या सगळ्या ओळी खऱ्या वाटू लागतात.

हे पान घेऊन कुठे जायचे, तर जिथे कागद अडकतात तिथे. वकील, दस्तलेखक, छापखाने, बियाणे-खतांचे वितरक, कोल्हापूर-पुण्याचे प्रकाशक, धारवाडचे प्रकाशक. नातेवाइकांकडे शेवटी. आणि गेल्यावर आधी बोलू नये. ‘ऑर्गेनॉन’मध्ये रुग्णाची माहिती कशी घ्यावी याचे नियम आहेत. रुग्णाला बोलू द्यावे, मध्ये तोडू नये, आणि त्याने नवीन काही सांगितले की नवीन ओळीवर लिहावे. मी हे रोज करतो. आपली पोरे काम मागायला जातात तेव्हा पदव्यांपासून सुरुवात करतात. समोरचा घड्याळ पाहतो. त्याऐवजी “तुमच्याकडे कानडी कागदांचं कुठे अडतं?” एवढे विचारून वही उघडावी. दहा मिनिटांत तो स्वतः सांगतो की माझा जुना माणूस उशीर करतो, नावे चुकवतो, गावांची जुनी नावे त्याला कळत नाहीत. आपल्या कोणत्या गुणाबद्दल बोलायचे हे त्या यादीत लिहिलेले असते. इतर गुण घरी ठेवावेत.

फुकट नमुन्याबद्दल दोन शब्द, कारण यात आपली माणसे फार नाडली जातात. परीक्षा म्हणून एक पान करून द्यावे. दहा पाने ‘नमुना’ म्हणून मागणारा गिऱ्हाईक नव्हे. त्याला तेवढीच दहा पाने हवी असतात. आणि जुन्या गिऱ्हाइकाकडून लेखी अभिप्राय घ्यायचा तर ‘फार छान काम’ असा नको. ‘चाळीस पानांचे काम ठरल्या दिवशी दिले, दोन शंका आधी विचारल्या’ असा घ्यावा. तो देतानाही लोक हात आखडत नाहीत, कारण त्यांनाही स्तुतीपेक्षा हकीकत लिहिणे सोपे जाते.

दर सांगताना जीभ अडखळते हे मी जाणतो. रुग्णाने “किती झाले?” विचारले की अजूनही माझी नजर टेबलावर जाते. म्हणून दर लिहिलेलाच असावा. फक्त कानडीच्या बाबतीत एक मेख आहे. शब्दावर दर ठरवला तर कोणत्या भाषेचे शब्द, हे लिहून घ्यावे. कानडीत प्रत्यय जोडून जोडून एक शब्द होतो. ‘मनेयल्लिदे’ हा एक शब्द. मराठीत ‘घरात आहे’ हे दोन. ‘नोडबेकागिदे’ हा एक. मराठीत ‘पाहावे लागणार आहे’ हे तीन. मूळ कानडी शब्द मोजून पैसे घेतले तर तेवढ्याच दरात मराठीत कितीतरी जास्त लिहावे लागते. अनुवाद पुरा झाल्यावर मराठी शब्द मोजले तर देणाऱ्याला वाटते, याने मुद्दाम पाल्हाळ लावला. सरळ उपाय असा की आधी एक पान करून दोन्हीकडचे शब्द मोजावेत, समोरच्याला दाखवावेत आणि मूळ शब्दांवर त्या प्रमाणात दर बांधावा. मोडीचा दर पानावर ठेवू नये. एक स्वच्छ पान तासात होते, एक वाळवी लागलेले पान तीन दिवस खाते. कागद पाहूनच दर सांगतो, असे पाटीवर असावे.

शेवटी मंडळाकडे एक मागणी आहे. आपल्या वार्षिक पुस्तिकेच्या मागच्या पानांवर देणगीदारांची यादी असते, ती असू द्या. तिच्यानंतर दोन पाने अशी द्या की ज्यात सभासदांच्या घरातल्या अशा न दिसणाऱ्या कामांची नोंद येईल. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कोणत्या प्रकारचे कागद, काय करत नाही, दर काय. विशेषणे संपादकांनी खोडावीत. पुस्तिका बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळांकडे भेट म्हणून जातेच. तिथल्या जुन्या घरांतही पेट्या भरून मोडी कागद आहेत, आणि ते वाचणारे त्या घरांतून कमी होत चालले आहेत. नोंदणीसाठी मजकूर या महिनाअखेरीपर्यंत कार्यवाहांकडे आला तर पुढच्या अंकात घेता येईल, असे त्यांनी मघाशी मला सांगितले आहे. ज्यांना आपला मजकूर आधी कोणाला तरी दाखवायचा असेल त्यांनी तो दवाखान्यात दुपारी चारनंतर आणावा. त्या वेळी गर्दी नसते.